चार लिटरचा घाणा

घरी बिअर करायला निघालेल्या माणसापुढे अमेरिकेतली पुस्तकं आणि दुकानं सहसा पाच गॅलनचं माप ठेवतात. पाच गॅलन म्हणजे १९ लिटर. त्यासाठी तीस लिटरचं पातेलं हवं, ते उकळायला घरातली शेगडी अपुरी पडते म्हणून अंगणात वेगळा बर्नर हवा, आणि शेवटी पन्नासेक बाटल्या धुऊन, भरून, बूच मारून ठेवायला जागा हवी. शिकागोसारख्या शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा हौशी माणूस इथेच हात टेकतो. त्याने पहिला घाणा एका गॅलनचा, म्हणजे जेमतेम चार लिटरचा लावावा. दहा-अकरा लिटरचं स्टीलचं पातेलं, काचेचा एक मोठा जार, स्वयंपाकाचा थर्मामीटर आणि एकेका ग्रॅमचा हिशोब दाखवणारा काटा एवढ्यावर काम भागतं. बिअरबद्दल जे शिकायचं ते सगळं या चार लिटरांत शिकता येतं.

आधी कायद्याचं बोलू. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला परवानगी मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती सुटायला १९७८ साल उजाडलं. त्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने, घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन बिअर स्वतःपुरती, करमुक्त करता येऊ लागली. विकता येत नाही. राज्यांचे कायदे त्याहून वेगळे होते. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये राजी झाली. ब्रिटनने परवान्याची अट १९६३ मध्येच काढून टाकली होती.

महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे आणि घरगुती बिअर त्यातून सुटत नाही. तेव्हा पुढची कृती ज्यांच्याकडे कायदा आड येत नाही अशा वाचकांसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी ती विज्ञान म्हणून वाचावी. ताज्या, स्थानिक बिअरची चव घ्यायची तर २००९ साली डूलालीने पुण्यात मायक्रोब्रुअरी सुरू केली तेव्हापासून ती सोय तिकडे झालेलीच आहे.

घरी केलेलं मद्य म्हटलं की मराठी माणसाच्या मनात हातभट्टी येते, आणि तिच्यामागोमाग विषबाधेची भीती. मुंबईच्या मालवणीत २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, ती मेथॅनॉलने. बिअरच्या बाबतीत ही भीती बाळगायचं कारण नाही. बिअर फक्त आंबवतात, ती गाळत नाहीत. धान्य आंबताना तयार होणारं मेथॅनॉल नगण्य असतं आणि ऊर्ध्वपातनाचं यंत्रच नसल्याने ते कुठे साठतही नाही. शिवाय तयार बिअर आंबट असते, तिचा सामू साडेचारच्या आत येतो. त्यात मद्यार्क आणि हॉप्स यांची भर पडली की माणसाला आजारी पाडणारे जंतू तिथे वाढू शकत नाहीत. बिघडलेली बिअर बेचव होते, आंबूस होते, मोरीत ओतावी लागते. तिने माणूस अंथरुणाला खिळत नाही. घरी दारू गाळणं मात्र अमेरिकेतही गुन्हा आहे, आणि त्या वाटेला जाऊच नये.

बिअरचं धान्य म्हणजे बार्ली, आपल्याकडचा सातू. तो भिजवतात, मोड आणतात आणि मोड पुरेसे आले की गरम हवेत वाळवतात. असा वाळवलेला सातू म्हणजे माल्ट. ज्या घरात बाळासाठी नाचणीचं सत्त्व केलं जातं तिथे ही रीत नवी नाही. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची विकरं तयार होतात आणि ती पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतात. मोडाच्या नाचणीची पेज गोळा न होता पातळ राहते ती याचमुळे. बाळाला पचायला सोपी पेज देणारं हेच रसायन इथे यीस्टसाठी साखर तयार करतं.

चार लिटरांसाठी ९०० ग्रॅम पेल माल्ट आणि रंगासाठी, किंचित करपट गोडीसाठी १०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट घ्यायचं. दुकानदार ते भरडून देतो. पीठ होऊ द्यायचं नाही, साल शाबूत राहून दाणा फुटला की पुरे. पातेल्यात सात लिटर पाणी ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं, त्यात मोठी विरळ विणीची कापडी पिशवी सोडायची आणि पिशवीत धान्य ओतून गुठळ्या मोडेपर्यंत ढवळायचं. थंड धान्य पडल्यावर पाणी ६७ अंशांच्या आसपास स्थिरावतं. पातेलं जाड पांघरुणात गुंडाळून तासभर ठेवायचं. पिशवीची ही युक्ती ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी रुळवली आणि छोट्या घाण्याचं सगळं अवघडपण तिने घालवलं.

६७ हाच आकडा का, तर दाण्यात दोन जातींची अमायलेजं असतात. बीटा-अमायलेज साठ ते पासष्ट अंशांत जोमात असतं आणि साखळीच्या टोकाकडून दोन-दोन कण कापत यीस्टला सहज खाता येईल अशी माल्टोज साखर करतं. अल्फा-अमायलेजला सत्तरीच्या आसपासची उष्णता मानवते. ते साखळी मधूनच कुठेही तोडतं आणि यीस्टला न पचणारे मोठे तुकडे मागे ठेवतं. पातेलं ६४ वर ठेवलं तर बिअर कोरडी, हलकी होते. ६९ वर ठेवलं तर तोंडात भरीव लागते. ६७ वर दोघांनाही काम मिळतं.

हा तास नुसता घड्याळ बघत काढू नये. धान्य टाकल्या टाकल्या चमचाभर पाणी चाखलं तर पिठूळ लागतं, धुतलेल्या तांदळाच्या पाण्याइतपतच चव असते. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चाखा. जिभेच्या टोकाला गोडी लागते. तास संपेस्तोवर ते चक्क गोड झालेलं असतं, आणि वरून एक कणही साखर घातलेली नसते. खात्रीच करायची तर पांढऱ्या बशीत दोन थेंब घेऊन त्यावर आयोडिनचा थेंब सोडा. सुरुवातीला तो निळा-काळा होतो, कारण पिष्ट आहे. शेवटी आयोडिनचा तपकिरी रंग तसाच राहतो. शाळेच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर केलेला प्रयोग इथे उपयोगाला येतो.

मग पिशवी उचलून निथळायची, दोन ताटल्यांमध्ये दाबून पिळायची. खाली उरतं ते वर्ट. ते साठ मिनिटं खळखळून उकळायचं. पहिली उकळी येताना फेस झपाट्याने वर चढतो, तेव्हा शेगडीपासून हलायचं नाही. वर्ट उतू गेलं तर जळलेल्या साखरेचा थर खरवडून काढताना जीव मेटाकुटीला येतो. उकळण्याने विकरं निकामी होतात, जंतू मरतात, नको असलेले प्रथिनांचे पुंजके खाली बसतात आणि हॉप्समधला कडूपणा सुटतो. हॉप्स ही वेलीची फुलं. त्यातली अल्फा आम्लं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. उकळत्या वर्टमध्ये त्यांच्या रेणूची रचना बदलते, तेव्हा कुठे ती विरघळतात आणि कडू लागतात. सुगंधी तेलं मात्र वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडूपणासाठीचे हॉप्स उकळीच्या आरंभी टाकायचे आणि वासासाठीचे अखेरीला.

एक औंसाचं, म्हणजे २८ ग्रॅमचं कॅस्केड हॉप्सचं पाकीट घ्या आणि त्याचे चार भाग करा. एक उकळी फुटताच, दुसरा शेवटची दहा मिनिटं उरली असता, तिसरा गॅस बंद करताना. चौथा हवाबंद करून फ्रीझरमध्ये पुढच्या घाण्यासाठी. कॅस्केड मी मुद्दाम सुचवतो. ओरेगनमधल्या सरकारी संशोधन केंद्रात तयार झालेला हा वाण १९७२ साली शेतकऱ्यांना मिळाला. त्याचा द्राक्षफळासारखा तिखट-आंबट वास आधी कुणाला फारसा रुचला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात केन ग्रॉसमन यांनी १९७६ मध्ये घरी बिअर करणाऱ्यांसाठी सामानाचं दुकान काढलं आणि १९८० च्या सुमारास सिएरा नेवाडा ही ब्रुअरी उभी केली. त्यांच्या पेल एलमुळे हा वास जगभर पोचला. चार लिटरांची आपली ही कृती त्याच घराण्यातली.

इथवरचं काम माफ करणारं आहे. तापमान दोन अंश हुकलं, हॉप्स पाच मिनिटं उशिरा पडले, पाणी थोडं जास्त आटलं, तरी बिअर होते आणि चांगली होते. नवशिके मात्र सगळी काळजी इथेच खर्च करतात. कुठलं माल्ट, किती हॉप्स, कुणाची कृती, यावर रात्री जागवतात आणि गॅस बंद झाल्यावर सैल पडतात. घरच्या बिअरचं बरंवाईट गॅस बंद झाल्यानंतरच्या दोन आठवड्यांत ठरतं असं मी ठामपणे म्हणेन. माणूस फक्त वर्ट करतो. त्याची बिअर यीस्ट करतं, आणि त्याला स्वच्छ जागा, योग्य उष्णता आणि पुरेसा वेळ देणं एवढंच आपल्या हातात उरतं.

स्वच्छतेचे दोन टप्पे असतात. घासून-पुसून मळ काढणं हा पहिला, आणि त्या स्वच्छ पृष्ठभागावरचे जंतू मारणं हा दुसरा. घासलं नाही तर निर्जंतुक करण्याचा उपयोग नाही, कारण चिकटलेल्या साखरेच्या आड जंतू सुखाने राहतात. उकळी थांबल्यापासून वर्टला जे जे लागेल, म्हणजे जार, गाळणी, नळी, बूच, चमचा, कात्रीसुद्धा, ते सगळं फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणातून काढायचं. दुकानात ते मिळतं, पाण्यात थोडंसं मिसळलं की पुरतं आणि नंतर धुवावं लागत नाही. घरातलं ब्लीच वापरू नका. क्लोरिनचा अंश वर्टमधल्या फिनॉलांना भेटला की क्लोरोफिनॉल तयार होतं आणि बिअरला दवाखान्याचा वास येतो. तो अगदी सूक्ष्म प्रमाणातही जाणवतो आणि काही केल्या जात नाही. शहराच्या नळाच्या पाण्यातही क्लोरिन किंवा क्लोरामिन असतं. क्लोरामिन उकळून लवकर जात नाही. सुरुवातीच्या सात लिटर पाण्यात कॅम्पडेन गोळीचा चिमूटभर चुरा टाकला की ते लगेच निष्प्रभ होतं.

वर्ट लवकर निववायचं असतं. इथे छोट्या घाण्याची मजा कळते. १९ लिटर थंड करायला तांब्याची वेटोळी नळी आणि वाहतं पाणी लागतं; चार लिटरांचं पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात बसवलं की अर्ध्या तासाच्या आत विशीवर येतं. मग ते गाळून जारमध्ये भरायचं, हवा मिसळावी म्हणून जार चांगला हलवायचा आणि यीस्ट सोडायचं. कोरड्या यीस्टचं अकरा-साडेअकरा ग्रॅमचं पाकीट वीस लिटरांसाठी असतं, तेव्हा चार-पाच ग्रॅम भरपूर झाले.

या पाकिटामागे कोपनहेगनच्या एका प्रयोगशाळेचा इतिहास आहे. लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरवरचा ग्रंथ लिहून दाखवलं की बिअर बिघडते ती सूक्ष्मजीवांमुळे. पण यीस्टमध्येच दुसऱ्या जातीचं यीस्ट मिसळलेलं असू शकतं हे कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांच्या लक्षात आलं. १८८३ मध्ये त्यांनी एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट ब्रुअरीला दिलं, आणि कार्ल्सबर्गने ते स्वतःपुरतं दडवून न ठेवता इतर ब्रुअरींनाही दिलं. आज छोट्याशा पाकिटात जी खात्री मिळते ती तिथून आली.

दही लावताना दूध किती कोमट हवं हे जसं बोटाला कळतं, तसं यीस्टचं माप थर्मामीटरला विचारावं लागतं. एल जातीच्या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. पंचविशीच्या वर गेलं की ते घाईने वाढतं आणि वाढता वाढता जड मद्यार्क आणि नको तेवढी एस्टरं तयार करतं. बिअर घशाला जळजळते, तिला पिकलेल्या केळ्याचा किंवा नेलपॉलिशचा वास येतो. आंबताना यीस्ट स्वतः उष्णताही सोडतं, त्यामुळे खोलीपेक्षा जारच्या आतलं तापमान जास्त असतं. उन्हाळ्यात जार टबातल्या पाण्यात उभा करायचा, भोवती ओला टी-शर्ट गुंडाळायचा आणि सकाळ-संध्याकाळ पाण्यात बर्फाची बाटली सोडायची. पहिले तीन दिवस हे जपलं तर अर्धी लढाई जिंकलीच. लागर घरी करावीशी वाटणं साहजिक आहे, बाजारातली बहुतेक बिअर तीच असते. पण तिचं यीस्ट दहा अंशांच्या आसपास आठवडेच्या आठवडे ठेवावं लागतं. त्यासाठी वेगळा फ्रीज हवा. पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नये.

दुसऱ्या दिवशी जारजवळ बसून पाहण्यासारखं असतं. वर दोन-तीन बोटं मळकट पांढरा फेस जमलेला असतो, त्यावर हॉप्सचे हिरवट-तपकिरी ठिपके. खाली काचेतून पाहिलं तर गढूळ पिवळ्या द्रवात प्रथिनांचे पुंजके वर चढतात, फेसाला टेकून फुटतात, पुन्हा खाली बुडतात, आणि कुणी ढवळत नसताना सगळा जार आतून फिरत असतो. चार लिटर वर्ट आंबताना सत्तर-ऐंशी लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून जार कधीही घट्ट बंद करायचा नाही. बुचातून जाड नळी काढून तिचं टोक पाण्याच्या वाटीत बुडवायचं. फेस वर आला तरी नळीतून निघून जातो. फेस बसला की नळीच्या जागी एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप, लावायचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुडबुडे मंदावतात आणि नवशिक्याला बाटल्या भरायची घाई सुटते. साखर संपत आलेली असली तरी यीस्टचं काम संपलेलं नसतं. आंबण्याच्या धांदलीत त्याने हिरव्या सफरचंदाच्या वासाचं अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि बटरस्कॉचच्या वासाचं डायअ‍ॅसिटिल मागे टाकलेलं असतं. ते आता पुन्हा शोषून घेतलं जातं. ही आवराआवर यीस्टवरच सोपवावी. दोन आठवडे झाकण उघडू नये. जार अंधारात ठेवावा, कारण उजेडाने हॉप्सची कडू द्रव्यं फुटून स्कंकसारखी दुर्गंधी येते. बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या याचसाठी.

संपलं की नाही हे बुडबुड्यांवरून ओळखू नये, घनतेवरून ओळखावं. हायड्रोमीटर वर्टमध्ये तरंगवला तर सुरुवातीला १.०५० च्या आसपास आकडा दिसतो. शेवटी तो १.०१२ पर्यंत उतरतो. दोन्ही आकड्यांतला फरक १३१ ने गुणला की मद्यार्काची टक्केवारी येते, इथे साधारण पाच. दोन-तीन दिवसांच्या अंतराने तोच आकडा आला तरच बाटल्या भरायच्या. नमुन्याला शंभर मिलिलिटर जातात आणि चार लिटरांत ते जाणवतात, पण इथे कंजुषी नको. नमुना परत जारमध्येही ओतू नये, पिऊन पाहावा.

बाटलीत फेस येतो तो थोड्या साखरेने. साधारण ३.७ लिटर बिअरसाठी २२ ते २४ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून, निववून तळाला घालायची आणि त्यावर नळीने बिअर हळूच सोडायची, शिंतोडे न उडवता. आता हवा नको. ऑक्सिजन लागला तर महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्याची चव येते. साखर वजन करूनच घ्यावी, चमच्याने नाही. आंबणं अपुरं राहून घनतेचे चार अंक, म्हणजे ०.००४, जरी उतरायचे बाकी असले तरी बाटलीतला वायू जवळजवळ दुप्पट होतो, आणि साधी बाटली तेवढ्या दाबासाठी बनवलेली नसते. ती फुटते तेव्हा काचा उडतात. पिळाच्या झाकणाच्या पातळ बाटल्या त्यामुळे घ्यायच्याच नाहीत, आणि भरलेल्या बाटल्या पहिले दोन आठवडे झाकणाच्या खोक्यात, खोलीच्या तापमानाला ठेवायच्या. मग दोन दिवस फ्रीज. ओतताना तळाचं यीस्ट बाटलीतच राहू द्यावं.

चार लिटरांचे तोटेही आहेत. दिवस मोठ्या घाण्याइतकाच मोडतो, चार-पाच तास जातातच. वजनातली चूक पाचपट महाग पडते. एक ग्रॅम हॉप्स इकडेतिकडे झाला तर जिभेला कळतं. तरीही दुसऱ्या घाण्याला या छोटेपणाचा जो उपयोग होतो तो मोठ्या पातेल्यात कधी होणार नाही. कृती तीच ठेवा, वर्ट एकत्रच उकळा आणि ते दोन-दोन लिटरांच्या दोन जारमध्ये वाटा. दोन्हींत तेच यीस्ट, तेवढंच यीस्ट. एक जार पाण्याच्या टबात १८ अंशांवर सांभाळा, दुसरा उबदार कपाटात २६-२७ वर राहू द्या. महिन्याभराने दोन्ही बाटल्या एकदम उघडा आणि घरात अजून कुणी पिणारं असेल तर त्यांना कुठली कुठली ते न सांगता द्या.